रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन

कर्नल रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन (३१ मे, १८४५ – १५ फेब्रुवारी, १९४०) हे ब्रिटिश विद्युत अभियंते, उद्योजक, संशोधक व लष्करी अधिकारी होते. घरे, रंगमंदिरे आणि रस्ते विजेने उजळवण्याच्या आरंभीच्या कामातील ते एक अग्रणी होते. इमारतींतील वीजतारा कशा घालाव्यात आणि कशा तपासाव्यात याविषयी ब्रिटनमध्ये १८८२ साली तयार झालेल्या पहिल्या नियमावलीच्या समितीचे ते सदस्य होते. १९०६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते. तारुण्यातील जवळपास दहा वर्षे त्यांनी भारतात काढली. त्यांच्या नावाच्या कंपनीची शाखा पुढे मुंबईत रुजल्यामुळे महाराष्ट्रातील असंख्य घरांत पंखे, पंप व मोटारींवरील नाव म्हणून ‘क्रॉम्प्टन’ हा शब्द परिचित आहे.

प्रारंभिक जीवन

क्रॉम्प्टन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात थर्स्क गावाजवळील सायन हिल येथे झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील जोशुआ सॅम्युअल क्रॉम्प्टन हे जमीनदार होते व त्यांनी ब्रिटिश संसदेत रिपन मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले होते. १८५१ साली लंडनमध्ये भरलेले जागतिक औद्योगिक प्रदर्शन त्यांनी सहा वर्षांच्या वयात पाहिले. तेथील यंत्रदालनाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला.

क्रिमियन युद्धाच्या काळात, लहान वयातच, ते नात्यातील एका नौदल कप्तानासोबत ‘ड्रॅगन’ या युद्धनौकेवरून क्रिमियाला गेले. सेवास्तोपोल येथील खंदकांत लढत असलेल्या भावाची त्यांनी तेथे भेट घेतली. पुढे हॅरो येथील प्रसिद्ध शाळेत त्यांचे शिक्षण झाले. शाळेतील अभिजात भाषांच्या अभ्यासापेक्षा यंत्रांत त्यांना अधिक रस होता. सुट्टीत घरच्या कार्यशाळेत त्यांनी रस्त्यावर चालणारे वाफेचे इंजिन बांधण्यास घेतले व त्याला ‘ब्लूबेल’ असे नाव दिले.

लष्करी सेवा व भारतातील वास्तव्य

१८६४ साली क्रॉम्प्टन ‘रायफल ब्रिगेड’ या पलटणीत अधिकारी म्हणून दाखल झाले आणि भारतात आले. उत्तर भारतात लोहमार्गांचे जाळे त्या वेळी अपुरे होते. लष्करी साहित्याची वाहतूक प्रामुख्याने बैलगाड्यांनी होत असे. ही वाहतूक संथ होती, खर्चिक होती आणि पावसाळ्यात विस्कळीत होत असे. रस्त्यावर वाफेच्या इंजिनाने गाड्यांची मालिका ओढण्याची कल्पना क्रॉम्प्टन यांनी वरिष्ठांपुढे मांडली. तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी तिला पाठबळ दिले.

रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश संशोधकाने भरीव रबरी धावांची वाफेची गाडी तयार केली होती. लोखंडी चाके कच्च्या रस्त्यात रुतत किंवा रस्ता फोडत. रबरी धावांमुळे ही अडचण कमी होत असे. सरकारने क्रॉम्प्टन यांना या गाड्या बांधून घेण्यासाठी इंग्लंडला पाठवले. पंजाबातील नद्यांवरून ‘चिनाब’, ‘रावी’ अशी नावे त्या इंजिनांना देण्यात आली. १८७१ साली ‘रावी’ने इंग्लंडमधील इप्सविचपासून स्कॉटलंडमधील एडिनबरापर्यंत व परत असा रस्त्यावरील लांब पल्ल्याचा प्रवास यशस्वीपणे पूर्ण केला. त्याच वर्षी त्यांचा एलिझाबेथ गर्ट्रूड क्लार्क यांच्याशी विवाह झाला.

भारतात परतल्यावर ‘गव्हर्नमेंट स्टीम ट्रेन’ या सरकारी उपक्रमाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. उष्ण हवा, धूळ, उपलब्ध इंधनाचा हलका दर्जा आणि दूरवर विखुरलेली दुरुस्तीची साधने यांच्याशी त्यांना सतत झुंजावे लागले. लोहमार्ग जसजसे वाढले तसतशी या रस्तागाड्यांची गरज ओसरली. १८७५ च्या सुमारास ते मायदेशी परतले व लवकरच त्यांनी नियमित लष्करी सेवा सोडली.

विद्युत क्षेत्रात प्रवेश

परतल्यानंतर क्रॉम्प्टन यांनी इंग्लंडमधील चेम्सफर्ड येथील टी. एच. पी. डेनिस आणि कंपनी या अभियांत्रिकी व्यवसायात भागीदारी घेतली. नातेवाइकांच्या स्टँटन येथील लोखंडाच्या कारखान्यात रात्रपाळीसाठी चांगल्या उजेडाची आवश्यकता होती. त्यासाठी त्यांनी फ्रान्समधून ग्रॅम पद्धतीची जनित्रे व कमानी दिवे आणवले. हे दिवे समाधानकारक नसल्याचे पाहून त्यांनी ते स्वतः सुधारण्यास सुरुवात केली. १८७८ साली चेम्सफर्डचा व्यवसाय त्यांनी आपल्या ताब्यात घेतला आणि ‘क्रॉम्प्टन आणि कंपनी’ स्थापन केली. तिचा कारखाना ‘आर्क वर्क्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

स्विस अभियंता ब्युर्गिन याच्या जनित्रात क्रॉम्प्टन यांनी महत्त्वाच्या सुधारणा केल्या. १८८२ साली गिस्बर्ट काप यांच्यासह त्यांनी संयुक्त गुंडाळीच्या जनित्राचे एकस्व घेतले. दिव्यांची संख्या कमीअधिक झाली तरी विद्युतदाब जवळपास स्थिर राहावा, हा या रचनेचा उद्देश होता. अशी स्थिरता नसेल तर काही दिवे मालवताच उरलेल्या दिव्यांवरील दाब वाढतो आणि ते जळून जातात. घरगुती प्रकाशयोजनेच्या दृष्टीने ही सुधारणा मोलाची ठरली.

याच सुमारास जोसेफ स्वान यांचा तंतुदीप वापरात येऊ लागला. कमानी दिवा प्रखर असल्याने तो रस्ते, स्थानके व कारखाने यांना योग्य होता. तंतुदीप मात्र घराच्या खोलीत वापरता येत असे. क्रॉम्प्टन यांनी स्वान यांच्याशी सहकार्य केले. त्यांच्या कंपनीने किंग्ज क्रॉस रेल्वे स्थानक, विंडसर राजवाडा यांसारख्या ठिकाणी विजेचे दिवे बसवले.

डिसेंबर १८८१ मध्ये व्हिएन्नातील रिंग थिएटरला आग लागून शेकडो लोक मृत्युमुखी पडले. त्या रंगमंदिरात वायुदीप होते. या दुर्घटनेनंतर युरोपातील रंगमंदिरांना विजेच्या प्रकाशाची निकड भासू लागली. व्हिएन्नाच्या शाही संगीतिकागृहाची प्रकाशयोजना करण्याचे काम क्रॉम्प्टन यांच्या कंपनीकडे आले. विद्युतघटमाला आणि जनित्र यांचा एकत्रित उपयोग करून मोठ्या प्रमाणावर वीज पुरवण्याचा अनुभव त्यांना या कामातून मिळाला.

वायरिंगचे पहिले नियम

वायूच्या ज्योतीपासून सुटका म्हणून वीज स्वीकारली जात होती, परंतु तिच्यातही आगीचा धोका होता. १८८० च्या दशकाच्या आरंभी दिवे बसवणारे अनेक कारागीर नवखे होते. घंटा व तारायंत्रांच्या बारीक तारा जोडण्याची ज्यांना सवय होती तेच लोक आता कित्येक पट अधिक प्रवाह वाहणाऱ्या तारा घालू लागले. तार बारीक पडली की ती तापते, सैल जोडावर ठिणग्या उडतात आणि भोवतालचे कोरडे लाकूड पेट घेते. वायूची गळती वासावरून कळते. भिंतीत किंवा फळ्यांखाली तापणाऱ्या तारेची बाहेर कोणतीही खूण दिसत नाही. विमा कंपन्यांना ही बाब प्रथम जाणवली. फीनिक्स फायर ऑफिस या विमा कंपनीने १८८२ मध्ये आपले स्वतंत्र नियम काढले.

त्याच वर्षी ‘सोसायटी ऑफ टेलिग्राफ इंजिनिअर्स अँड ऑफ इलेक्ट्रिशियन्स’ या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे उद्भवणारा आगीचा धोका टाळण्यासाठी एक समिती नेमली. समितीत क्रॉम्प्टन यांच्यासह सर विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन), जॉन हॉपकिन्सन, विल्यम प्रीस, डेव्हिड ह्यूज व अलेक्झांडर सीमेन्स यांसारखे शास्त्रज्ञ व अभियंते होते. समितीचे नियम जून १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण नियमावली अवघ्या काही पानांची होती.

तारेची जाडी तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहाला पुरेशी असावी, प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास वितळून मंडल तोडणारे फ्यूज बसवावेत, बटणे न जळणाऱ्या पाट्यांवर असावीत, जोड यांत्रिक व विद्युत अशा दोन्ही दृष्टींनी पक्के असावेत, भिंती व तक्तपोशीतून जाणाऱ्या तारांना घर्षणापासून व उंदरांपासून संरक्षण द्यावे, असे त्यातील प्रमुख निर्देश होते. फळ्यांखाली वा अन्यत्र दृष्टीआड जाणाऱ्या तारांसाठी वेगळी तरतूद होती. अशा तारा इजेपासून सुरक्षित ठेवाव्यात आणि त्या कोठे आहेत याची खूण ठेवावी, असे समितीने सांगितले. तारांची वारंवार चाचणी करण्यावर नियमावलीने विशेष भर दिला. काम झाकले जाण्यापूर्वी ते तपासले पाहिजे हा आजच्या वायरिंग-तपासणीमागील विचार याच तरतुदींशी सुसंगत आहे.

ही संस्था पुढे ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स’ झाली. तिच्या वायरिंग नियमांच्या सुधारित आवृत्त्या तेव्हापासून आजतागायत निघत आल्या आहेत. क्रॉम्प्टन १८९५ व १९०८ साली या संस्थेचे अध्यक्ष झाले.

केन्सिंग्टन येथील वीजपुरवठा

लंडनमधील केन्सिंग्टन कोर्ट या नव्या वसाहतीला वीज पुरवण्यासाठी क्रॉम्प्टन यांनी १८८६ च्या सुमारास एक कंपनी उभी केली. एका ठिकाणी वीज निर्माण करून शेजारच्या अनेक घरांना ती विकणाऱ्या ब्रिटनमधील आरंभीच्या व्यवहार्य उपक्रमांत तिचा समावेश होतो. वसाहतीच्या रस्त्यांखालील भुयारी मार्गांत विद्युतरोधक आधारांवर तांब्याच्या उघड्या पट्ट्या ताणून वीज नेली जात असे. दिवसा जनित्रे घटमाला भारित करत आणि मध्यरात्रीनंतर मागणी घटली की घटमालेवर काम भागत असे. क्रॉम्प्टन स्वतः याच वसाहतीत राहत. त्यांच्या घरात प्रयोगशाळा व कार्यशाळा होती. त्यामुळे पुरवठ्यातील दोष त्यांना ग्राहक म्हणूनही अनुभवता येत असत.

विजेचा उपयोग केवळ प्रकाशासाठी राहिला तर यंत्रे दिवसभर पडून राहतात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १८९० च्या दशकात त्यांच्या कंपनीने विजेच्या शेगड्या, तवे, भट्ट्या व इस्त्र्या बाजारात आणल्या. तापतारा मुलाम्यात बसवण्याच्या पद्धतीवर हर्बर्ट डाउसिंग यांच्यासह काम झाले. तापतारांच्या टिकाऊपणाची अडचण पुढील शतकात निकेल-क्रोमियम मिश्रधातू येईपर्यंत सुटली नाही. विद्युतप्रवाह व दाब अचूक मोजण्यासाठी त्यांनी विकसित केलेला ‘क्रॉम्प्टन पोटेंशिओमीटर’ मात्र प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरला गेला.

एकदिश व प्रत्यावर्ती प्रवाहाचा वाद

वीज एकदिश असावी की प्रत्यावर्ती, या प्रश्नावर १८८० व १८९० च्या दशकांत ब्रिटनमध्ये तीव्र मतभेद होते. क्रॉम्प्टन एकदिश प्रवाहाचे ठाम पुरस्कर्ते होते. सेबॅस्टियन द फेरांटी यांनी टेम्स नदीकाठी डेप्टफर्ड येथे मोठे केंद्र उभारून १०,००० व्होल्ट दाबाने प्रत्यावर्ती वीज लंडनला आणण्याचा आराखडा मांडला. दाट वस्तीत लहान केंद्रे व घटमाला अधिक विश्वसनीय ठरतात, असे क्रॉम्प्टन यांचे म्हणणे होते. घटमालेत साठवण शक्य असल्याने पुरवठा खंडित होत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता आणि त्या काळातील यंत्रांच्या मर्यादा पाहता त्यात तथ्य होते.

तथापि रोहित्राच्या साहाय्याने दाब कमीअधिक करून वीज दूरवर स्वस्तात नेण्याची सोय केवळ प्रत्यावर्ती प्रवाहात होती. रोहित्रे व मोटारी सुधारल्या तसा हा वाद फेरांटी यांच्या बाजूने निकाली निघाला. एकदिश पुरवठ्याची केंद्रे काही दशके टिकली, पण विस्तार प्रत्यावर्ती पद्धतीचाच झाला.

युद्धकालीन सेवा, रस्ते व मोटारवाहने

क्रॉम्प्टन यांचा लष्कराशी संबंध स्वयंसेवक दलाच्या रूपाने कायम राहिला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात १९०० साली ते विद्युत अभियंत्यांच्या स्वयंसेवक तुकडीचे प्रमुख म्हणून गेले. शोधदीप व वाफेच्या रस्तागाड्या यांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. या सेवेबद्दल त्यांना ‘कंपॅनियन ऑफ द बाथ’ हा किताब मिळाला.

मोटारवाहनांच्या आरंभकाळात ब्रिटनमधील ऑटोमोबाइल क्लबच्या कामात ते सहभागी होते. १९१० साली ब्रिटिश रस्ते मंडळाचे सल्लागार अभियंते म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि रस्तेबांधणीच्या साहित्याची शास्त्रीय चाचणी करण्यावर त्यांनी भर दिला. पहिल्या महायुद्धात चिलखती रणगाडा तयार करण्यासाठी नेमलेल्या समितीला त्यांनी १९१५ साली तांत्रिक सल्ला दिला. त्यांनी सुचवलेली जोडगाडीची रचना अखेरीस स्वीकारली गेली नाही.

प्रमाणीकरणाचे कार्य

विजेचा व्यापार देशोदेशी पसरू लागला तेव्हा प्रत्येक देशाची परिमाणे, संज्ञा व मोजमापाच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या. एका देशात विकत घेतलेल्या यंत्राची क्षमता दुसऱ्या देशात कशी मोजावी यावर एकवाक्यता नव्हती. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत क्रॉम्प्टन यांनी प्रमाणीकरणावर निबंध सादर केला. परिषदेने या कामासाठी कायमस्वरूपी संस्था असावी असा ठराव केला व पुढील जबाबदारी क्रॉम्प्टन यांच्याकडे सोपवली. त्यांनी विविध देशांतील संस्थांशी पत्रव्यवहार केला. जून १९०६ मध्ये लंडन येथे आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाची स्थापना झाली. लॉर्ड केल्व्हिन पहिले अध्यक्ष आणि क्रॉम्प्टन मानद सचिव झाले. आयोगाचे मुख्यालय १९४८ साली जिनीव्हा येथे हलवण्यात आले. भारतीय मानक ब्यूरो या आयोगात भारताचे प्रतिनिधित्व करते.

उत्तरायुष्य

क्रॉम्प्टन यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक १९२८ साली प्रसिद्ध केले. १९२६ साली त्यांना फॅरडे पदक आणि १९३३ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्यांच्या मूळ कंपनीचे १९२७ साली पार्किन्सन बंधूंच्या व्यवसायात विलीनीकरण होऊन ‘क्रॉम्प्टन पार्किन्सन’ ही कंपनी बनली. १५ फेब्रुवारी १९४० रोजी रिपनजवळील अझर्ली चेस येथे त्यांचे निधन झाले.

भारत व महाराष्ट्रातील वारसा

भारतात विजेचा वापर क्रॉम्प्टन यांच्या हयातीतच सुरू झाला. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले होते, परंतु तो प्रयोग अल्पजीवी ठरला. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी स्थापन झाल्यानंतर शहरात नियमित पुरवठा रुळला. १९३७ साली मुंबईत क्रॉम्प्टन पार्किन्सन वर्क्स या कारखान्याची स्थापना झाली. १९४७ साली ही कंपनी थापर समूहाकडे गेली व पुढे ‘क्रॉम्प्टन ग्रीव्ज’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईतील कांजूरमार्ग, नाशिक व अहमदनगर येथील तिच्या कारखान्यांत अनेक मराठी कामगार व अभियंते घडले.

वायरिंगच्या नियमांचा वारसा कायद्यातून आला. १९०३ व १९१० चे भारतीय विद्युत अधिनियम, १९५६ ची विद्युत नियमावली, २००३ चा विद्युत अधिनियम व त्याखालील केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम ही त्याची साखळी आहे. घरातील वायरिंगसाठी भारतीय मानक ७३२ हे मार्गदर्शक आहे.

उत्तर अमेरिकेत भिंती बंद करण्यापूर्वीची वायरिंग-तपासणी हा निरीक्षकाने करावयाचा स्वतंत्र टप्पा असतो. भारतात भर मुख्यतः परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे काम, त्याचा चाचणी अहवाल आणि जोडणीपूर्वीची चाचणी यांवर आहे. १५ मीटरपेक्षा उंच इमारतींच्या बाबतीत विद्युत निरीक्षकाकडे सूचना देऊन तपासणी करून घ्यावी लागते. नागपुरातील वर्धा मार्गालगतच्या मनीषनगरसारख्या झपाट्याने वाढलेल्या निवासी भागात सदनिका-इमारती व स्वतंत्र घरे शेजारी शेजारी उभी आहेत. उंच इमारतीला निरीक्षकाची तपासणी लागू होते. एकमजली घराच्या बाबतीत मात्र गिलाव्यापूर्वी तारांच्या नळ्या नीट पाहून घेणे हे घरमालक व ठेकेदार यांच्याच दक्षतेवर अवलंबून राहते.

या टप्प्यात पाहण्याच्या बाबी १८८२ च्या नियमांशी जुळणाऱ्या आहेत. स्लॅबमधील नळ्या काँक्रीट ओतण्यापूर्वी आणि भिंतींतील नळ्या गिलाव्यापूर्वी पाहिल्या जातात. नळी कोठे चेपली वा सुटली आहे का, पेट्या भिंतीच्या अंतिम पातळीशी जुळतात का, तारा ओढण्यास वळणे पुरेशी मोठी आहेत का, हे तपासतात. सर्वसाधारणपणे दिव्यांच्या मंडलाला १.५ चौरस मिलिमीटरची आणि पॉवर सॉकेटला २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. दिव्यांच्या एका मंडलावर १० पेक्षा अधिक बिंदू अथवा ८०० वॅटपेक्षा अधिक भार नसावा असा संकेत आहे. तटस्थ तार काळी व अर्थिंगची तार हिरवी ठेवतात. जोड नळीच्या आत न करता उघडता येणाऱ्या पेटीत करतात, कारण नळीतील सैल जोड नंतर सापडत नाही.

तारा ओढून झाल्यावर मेगर यंत्राने ५०० व्होल्ट एकदिश दाब एक मिनिट लावून विद्युतरोध मोजतात. तो किमान १ मेगाओम असावा लागतो. गिलावा करताना खिळ्याने सोललेली किंवा ओलसर पेटीला टेकलेली तार या चाचणीत उघडकीस येते. गिलाव्यापूर्वी नळ्यांच्या मार्गांची छायाचित्रे मोजपट्टीसह काढून ठेवण्याची पद्धतही रूढ होत आहे. दृष्टीआड जाणाऱ्या तारेची खूण ठेवावी, या जुन्या नियमाचाच तो आजचा प्रकार होय. घर बांधणारा कारागीर काम संपवून निघून जातो आणि त्या भिंतींत राहणारे कुटुंब तेथे कित्येक वर्षे नांदते. तारा झाकण्यापूर्वी तपासण्याचे महत्त्व त्यात आहे.